दिलेली पदवी, हिरावलेली पदवी

कलावंताने सरकारची मर्जी सांभाळलीच पाहिजे, असे प्रतिपादन करणाऱ्यांनी फ्योदोर शालियापिनचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे. १८७३ साली कझान येथे दरिद्री घरात जन्मलेला हा मुलगा बालपणी चर्चच्या गायकवृंदात गाई. देवापुढे घडलेला तो गळा पुढे धीरगंभीर खर्जात उतरला आणि 'बोरिस गोदुनोव' या संगीतिकेतील झारच्या भूमिकेने त्याने युरोप जिंकला. मिलानच्या ला स्काला रंगमंदिराने तर त्याला १९०१ सालीच बोलावले होते.

१९१८ साली सोव्हिएत सरकारने त्यास 'लोककलावंत' ही पदवी दिली. १९२२ साली तो परदेशी गेला आणि १९२७ साली ती पदवी काढून घेण्यात आली. अपराध कोणता? पॅरिसमधील निर्वासित रशियनांच्या गरजू मुलांसाठी त्याने एका धर्मगुरूच्या हाती पैसे दिले! देवळादेवळांतून अन्नछत्रे चालविणाऱ्या आम्हां लोकांना तरी हा राजद्रोह कसा वाटावा?

१९३८ साली तो पॅरिसमध्ये वारला. १९८४ साली त्याच्या अस्थी सन्मानाने मॉस्कोस नेल्या. १९२७ चा तो ठराव मात्र १९९१ साली रद्द झाला. मग मधली सात वर्षे सरकारने त्या थडग्यात नेमके कोणाला पुरले होते?