एस्पॉझितो : ढालीत नव्हे, दप्तरात

एस्पॉझितो हे नेपल्समध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. त्याच्याविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले मत कुलचिन्हांचा धंदा करणाऱ्यांचे. त्यांच्या लेखी प्रत्येक इटालियन आडनावामागे एक मूळपुरुष, एक घराणे आणि एक ढाल असतेच. दुसरे मत कुजबुजीतले : हे अनौरसांचे नाव, पापाची निशाणी. ही दोन्ही मते चूक आहेत, आणि दुसऱ्याने तर शतकानुशतके माणसांना खाली मान घालायला लावली आहे.

पहिल्याचा समाचार फार वेळ घेणार नाही. ढाल दिली जात असे ती एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशाला. आडनावाला ढाल कधीच नसते. इटलीच्या १९४८च्या राज्यघटनेने तर सरदारकीच्या पदव्यांची मान्यताच काढून घेतली. शिवाय एस्पॉझितोंचा मूळपुरुष शोधायचा तरी कुठे? लॅटिनमध्ये ‘बाहेर ठेवलेला’ अशा अर्थाचा जो शब्द आहे, त्यातून हे नाव आले. ते कुठल्या बापाने मुलाला दिलेले नाही. नेपल्सच्या अन्नुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेने आपल्या दारात आलेल्या हजारो मुलांना ते दिले. एकाच रात्री आलेली दोन मुले एस्पॉझितो झाली, म्हणून ती भावंडे ठरत नाहीत. हे एक घराणे नव्हेच.

त्या दाराकडे जरा नीट पाहिले पाहिजे. भिंतीत एक उभे, पोकळ, फिरते लाकडी पिंप बसवलेले असे. इटालियनमध्ये त्याला ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. रस्त्याच्या बाजूने मूल आत ठेवायचे आणि पिंप फिरवायचे. मूल आतल्या दाईच्या हाती जाई. ठेवणाऱ्याचा चेहरा आतल्यांना दिसत नसे. मग दप्तरात नोंद होई : कोणत्या वेळी आले, अंदाजे वय किती, अंगावर कोणते कपडे, सोबत चिठ्ठी होती का. बाप्तिस्मा झाला की गळ्यात शिशाचा बिल्ला अडकवला जाई, कारण दूध पाजायला मूल बाहेर गेले तरी त्याची ओळख हरवता कामा नये. शहरातले लोक या मुलांना ‘मॅडोनाची लेकरे’ म्हणत. एस्पॉझितो या नावाचा इतिहास असा दप्तरात लिहिलेला आहे. ढाल रंगवून तो सापडणार नाही.

आता दुसरे मत. सोडलेले प्रत्येक मूल विवाहबाह्य संबंधातले, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मिलानच्या नोंदी पाहा. तिथे चाकात ठेवलेल्या मुलांपैकी फार मोठा वाटा रीतसर लग्न झालेल्या मजूर जोडप्यांच्या मुलांचा होता. आईला कामावर जायचे असे, अंगावर दूध नसे, घरात आधीच खाणारी तोंडे जास्त. यातले कित्येक आईबाप पुढे मूल परत नेतही. फ्लोरेन्सच्या इन्नोचेन्ती अनाथालयात तर मुलांसोबत ठेवलेली अर्धी कापलेली नाणी आणि पदके जपून ठेवलेली आहेत. उरलेला अर्धा तुकडा आईबापांपाशी राही. ज्याला मूल कायमचे टाकायचे आहे, तो अर्धे नाणे जपून ठेवील कशाला? आणि समजा, मूल खरोखरच विवाहबाह्य असले, तर त्यात त्या मुलाचा दोष कोणता?

याचा अर्थ शहराने या मुलांना फुलासारखे जपले, असे मी मुळीच म्हणत नाही. दायांची संख्या अपुरी, खोल्यांत गर्दी, दूध कमी. बालमृत्यूचे प्रमाण भयंकर होते आणि पुष्कळ मुले नोंद झाल्यावर वर्षभरही जगली नाहीत. पण नेमक्या याच कारणाने मला हे नाव मोलाचे वाटते. म्युरा हा नेपल्सच्या गादीवर असताना, म्हणजे १८०८ ते १८१५ या काळात, सोडलेल्या मुलांना एस्पॉझितो हे आडनाव देण्यावर बंदी आली. नावामुळे लागणारा डाग टळावा हा हेतू चांगलाच होता. त्यानंतर कारकून प्रत्येक मुलासाठी वेगळे आडनाव शोधू लागले. चाक मात्र १८७५ पर्यंत चालू राहिले. म्हणजे आज नेपल्समध्ये जे एस्पॉझितो आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पूर्वज त्या बंदीच्या आधी चाकातून आत आला, दाईच्या दुधावर जगला, एखादे काम शिकला आणि संसाराला लागला. नाव टिकले ते केवळ अशा जगलेल्यांमुळे. मग त्याला लाजिरवाणे म्हणायचे कोणत्या तोंडाने?

उलट बाजूची घाईही नको. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर होते, म्हणून तिथल्या मुलांना १८२५ पर्यंत कोलंबो हे आडनाव मिळे. पण त्यावरून प्रत्येक कोलंबो अनाथालयातून आला असे ठरवणे चूक होईल. जेनोआच्या दोमेनिको कोलंबो या विणकराचा मुलगा क्रिस्तोफोरो १४५१च्या सुमारास जन्मला, आणि त्याचे आडनाव घरचेच होते. रोमचे प्रोयेत्ती, फ्लोरेन्सचे इन्नोचेन्ती, बोलोन्याचे देल्यी एस्पोस्ती ही नावेही याच जातकुळीची. पण तिथेही कागद पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

इटलीच्या नागरी नोंदणीच्या २०००च्या नियमांनुसार, ज्याचे आईबाप अज्ञात आहेत अशा मुलाला त्याचे मूळ उघड करणारे नाव देता येत नाही. हा नियम योग्यच आहे. आज जन्मणाऱ्या मुलावर कुणी शिक्का मारू नये. पण जुन्या नावाचे लोक ते बदलायला निघाले, तर त्यांना माझी विनंती आहे : बदलू नका. कुलचिन्ह विकत घेऊ नका. नेपल्सला गेलात तर फोर्चेल्ला भागात अन्नुन्त्सियातेची वास्तू उभी आहे. तिथे ते चाक आजही पाहता येते.