राखणीच्या कुत्र्याचं काळीज: गोळी मेडिकलात मिळते, तपासणीचं काय?

नाशिक : निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. इथल्या मळ्यात कुत्रं ही हौस नाही, गरज आहे. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला निघालेल्या माणसाच्या पुढं कुत्रं असतं. कांद्याची चाळ आणि शेळ्या तेच राखतं. गावठीच्या जोडीला आता डॉबरमन, लॅब्रॅडोर अशी मोठ्या अंगाची कुत्रीही मळ्यात दिसतात. अशा कुत्र्यांत, डॉबरमनमध्ये तर जास्तच, हृदयाचे ठोके चुकण्याचा आजार होतो.

कुत्रं थोडं पळालं की बसतं, रात्री खोकतं, एखाद दिवशी अचानक कोसळतं आणि मिनिटभरात उठून उभं राहतं. घरच्यांना वाटतं, फिट आली किंवा ऊन लागलं. मग ओळखीच्या मेडिकलातून आजोबांचीच हृदयाची गोळी आणून भाकरीत घालून दिली जाते.

गोळी तीच, मात्रा वेगळी

यात अर्धं खरं आहे. डिगॉक्सिन, डिल्टियाझेम, अटेनोलॉल, सोटालोल ही माणसांचीच औषधं पशुवैद्यकही कुत्र्यांना देतात. पण डिगॉक्सिनचं उदाहरण घ्या. माणसाची नेहमीची गोळी २५० मायक्रोग्रॅमची. वीस किलोच्या कुत्र्याला एका वेळी त्याच्या निम्मीही लागत नाही. औषधाची आणि विषाची मात्रा अगदी जवळजवळ. कुत्रं आधी खाणं सोडतं, उलट्या करतं, मग ठोके आणखी बिघडतात. म्हातारं कुत्रं असेल, मूत्रपिंड थकलेलं असेल, सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर धोका दुप्पट.

दुसरं म्हणजे ठोका चुकण्याचे प्रकार अनेक. एकात ठोके फार जलद पडतात, दुसऱ्यात फार हळू. जलद ठोक्यांची गोळी हळू ठोक्यांच्या कुत्र्याला दिली तर हृदय थांबू शकतं. आणि निरोगी कुत्र्याचे ठोकेही श्वासाबरोबर कमी-जास्त होतात, तो आजारच नाही. हे सगळं ईसीजीशिवाय नक्की कळत नाही.

कधी मूळ कारण बांधावरच असतं. कण्हेरीत डिगॉक्सिनच्या जातीचंच विष असतं. पानं चघळली तरी ठोके बिघडतात. काही कीटकनाशकं पोटात गेली की लाळ गळते, अंग थरथरतं, ठोके मंदावतात. अशा वेळी हृदयाची गोळी देणं म्हणजे विषावर विष.

स्वस्त औषधाने काय सुटेल?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ५ मार्च २०२५ रोजी पशुधन आरोग्य व रोग नियंत्रण कार्यक्रमाच्या सुधारणेला मंजुरी दिली. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ३,८८० कोटी रुपये, त्यातले ७५ कोटी 'पशु औषधी' या नव्या भागासाठी. सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांतून जनावरांची जेनेरिक औषधं विकायची, अशी कल्पना आहे. गाई-म्हशीवाल्यांना याचा फायदा आहेच. पण कार्यक्रमाचा भर लाळ्या-खुरकूत, लम्पी, ब्रुसेलोसिस अशा रोगांवर आहे.

कुत्र्याच्या बाबतीत अडचण औषधाच्या किमतीची नाहीच. गोळी आजही माणसांच्या मेडिकलात मिळते. अडचण आहे ती कोणती गोळी, किती आणि किती दिवस हे सांगणाऱ्याची. श्रेणी दोनचे दवाखाने पशुधन पर्यवेक्षक चालवत आले आहेत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्यांनी किरकोळ उपचारच करायचे. हृदयाची गोळी लिहिणं नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम. मोठी तपासणी हवी तर मुंबईला परळच्या पशु रुग्णालयात जायचं. ऐन द्राक्ष काढणीत कुत्र्यासाठी इतका पल्ला कोण मारणार? म्हणून माणूस मेडिकलात जातो. चूक त्याची एकट्याची नाही.

तालुक्याच्या पशु चिकित्सालयात एक ईसीजी यंत्र आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एवढ्याने बरंच सुटेल. ईसीजीचा कागद मोबाइलवर परळच्या तज्ज्ञाला पाठवता येतो. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात यायला हरकत नाही.

तोवर घरी काय करावं?

कुत्रं झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजा. रोजच ३० च्या वर जात असतील तर दाखवायला न्या. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली की नाडी लागते. कुत्रं कोसळलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो. चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका, वाढवूही नका. जवळचा दवाखाना माहीत नसेल तर पशुसेवेच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

आणि आजोबांची गोळी आजोबांनाच राहू द्या.