आधीं फळी, मग नक्षी

नाहूर येथील आमच्या कार्यशाळेंत एक लहानसें सीएनसी राउटर यंत्र आहे, हें आपण जाणतांच. संगणकानें दिलेल्या आंकड्यांबरहुकूम त्याचा कटर चोहोंकडे व वर-खालीं फिरून लांकडावर अक्षरें कोरितो. आंकड्यांच्या हुकमतीनें चालणारें असें कातकामाचें यंत्र अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९५२ सालीं प्रथम लोकांस दाखविण्यांत आलें. आज तें शाळकरी मुलांच्या हातीं आलें आहे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मुलांनीं प्रदर्शनासाठीं बारा नामपाट्या कोरावयास घेतल्या. पहिल्याच पाटीच्या एका टोकास अक्षरें नीट उमटलीं, मध्यें तीं उथळ झालीं, आणि दुसऱ्या टोकास तर कटर लांकडास न शिवतां वरच्यावर फिरून गेला. मुलांनीं संगणकास दोष दिला. परंतु संगणक निर्दोष होता. दोष होता तो सर्वांच्या खालीं मुकाट्यानें पडलेल्या फळीचा.

या फळीस कारागीर स्पॉइलबोर्ड म्हणतात. लांकूड आरपार कापतांना कटरचें टोंक यंत्राच्या पाटास न लागतां हिच्यांत शिरावें, एवढ्यासाठींच ती असते. म्हणजे दुसऱ्याकरितां झिजणें हेंच तिचें काम. ती बहुधा एमडीएफची, म्हणजे लांकडाचे बारीक तंतु व राळ एकत्र दाबून केलेल्या तक्त्याची असते. चार महिने दमट हवा खाऊन असा तक्ता फुगतो. आमच्या फळीचा एक कोपरा दुसऱ्याहून पाऊण मिलिमीटर उंच झाला होता, आणि अक्षरांची खोली तर अवघी अर्धा मिलिमीटर!

उपाय जुनाच आहे. सुतार काम करण्यापूर्वीं लांकडास रंधा मारितो, तसा यंत्राकडूनच फळीस रंधा मारून घ्यावयाचा. परंतु येथें आमच्या हातून उतावळेपणा घडला. काम लवकर उरकावें म्हणून आम्हीं २५ मिलिमीटर रुंदीचा कटर लाविला. आमच्या यंत्राचा स्पिंडल लहान. तो कण्हला, जळकट वास आला, आणि मोटार थांबली. कटर जितका रुंद, तितकी त्याची धार मध्यापासून दूर. म्हणून मोटारीवर ओझेंही अधिक. भरलेली घागर अंगाशीं धरणें सोपें, हात लांब करून धरणें कठीण, तसेंच हें.

दोघां हितचिंतक पालकांनीं मोठी मोटार घेण्याचें सुचविलें. त्यांचा सद्भाव आम्ही जाणतों, परंतु सूचना आम्हांस मान्य नाहीं. हिशेब पाहा. फळी ६०० मिलिमीटर लांब व ४०० रुंद. १२ मिलिमीटरचा कटर घेऊन दर खेपेस ५ मिलिमीटर सरकविला, तर सुमारें ८० खेपा होतात, म्हणजे ४८ मीटर चाल. मिनिटास एक मीटर या वेगानें ४८ मिनिटें लागतात. एका थरास ०.२ मिलिमीटरच काढावयाचें ठरविलें, तर चार थरांत पाऊण मिलिमीटरचा फुगवटा निघून जातो. एकूण वेळ तीन तास बारा मिनिटें. मोठ्या मोटारीनें हेंच काम अर्ध्या तासांत झालें असतें. वर्षांतून एकदां वांचणाऱ्या पावणेतीन तासांसाठीं आम्हीं फीच्या पैशांतून मोटार घ्यावी काय? शिवाय स्पिंडल किंचित् कललेला असेल, तर रुंद कटर फळीवर उंच वळ्या ठेवितो. अरुंद कटरच्या वळ्या कमी उठतात.

तेव्हां आम्हीं तें काम मुलांकडेच सोंपविलें. त्यांनीं गुण्या लावून स्पिंडल सरळ असल्याचें पाहिलें; फळीचे स्क्रू खोल बसविले, कारण पोलादावर कटर आदळला तर त्याची धार गेलीच; तोंडास मास्क व डोळ्यांस चष्मा लाविला, कारण एमडीएफची धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. मग साऱ्या फळीवर शिसपेन्सिलीनें उभ्या-आडव्या रेघा ओढिल्या. पहिल्या थरांत उंच कोपऱ्यावरील रेघा तेवढ्या पुसल्या गेल्या. खोलगट भाग कोठें आहे, हें उरलेल्या रेघांनींच सांगितलें. चौथ्या थरास एकही रेघ उरली नाहीं. यंत्राची शून्य उंची नव्यानें ठरवून मग पाटी कोरिली. अक्षरें या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखीं आलीं.

मात्र बारांपैकीं सातच पाट्या प्रदर्शनांत मांडतां आल्या. "तीन तास यंत्र चाललें, आणि निघालें काय? भुसाच ना?" असें एका पालकांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे, व ज्यांच्या मुलाची पाटी राहिली त्यांचें वाईट वाटणेंही रास्त आहे. तथापि आमचें मत असें कीं, त्या वर्षाचें उत्तम काम तो भुसाच होय. १८४० सालीं इंग्लंडचे जोसेफ व्हिटवर्थ यांनीं खरा सपाट पृष्ठभाग कसा करावा, यावर विद्वानांपुढें निबंध वाचिला. दोन पत्रे एकमेकांशीं जुळले तरी एक फुगीर व दुसरा खोलगट असूं शकतो. तीन पत्रे एकमेकांशीं जुळतील तेव्हांच तिन्ही सपाट. सूक्ष्म मापाच्या यंत्रविद्येचा पाया अशा न दिसणाऱ्या कामावर उभा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकण्याची मुभा सुचविली आहे. त्या दिवसांत मुलांनीं केवळ मिरविण्याजोगी वस्तु घरीं न्यावी, असा आग्रह पालकांनीं धरूं नये, ही आमची विनंती आहे.

पावसाळा दरवर्षीं येणार, आणि फळीही दरवर्षीं फुगणार. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं दसऱ्यास हत्यारें पुसून, घांसून मांडितात. त्याच आठवड्यांत यापुढें दरवर्षीं फळीस रंधा मारावा, व तें काम इयत्ता आठवीच्या मुलांनींच करावें, असें आम्हीं ठरविलें आहे. राहिलेल्या पांच पाट्या मुलांनीं नाताळपूर्वीं पुऱ्या केल्या. ज्यांच्या त्यांनीं घेऊन जाव्या.