फुकटचे म्हणून हिणवू नका

"फुकट मिळते त्याची काय पत!" संगणकावरच्या लिब्रेऑफिसविषयी आमचे जावईबापू दर दिवाळीला हेच ऐकवतात. वाचकहो, आईने सांगितलेले चकलीच्या भाजणीचे प्रमाण मी एका विकतच्या प्रणालीत टंकून ठेवले होते. कंपनीने ती प्रणाली मोडीत काढली. फाइल आहे, उघडत नाही. आई तर गेली. पैसे मोजून मी काय मिळवले? लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाइलीची बांधणी जगजाहीर आहे. २००६ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिब्रेऑफिस बुडाले, तरी दुसरा कोणी ती फाइल उघडील. परक्या फाइलींची मांडणी त्यात कधी विस्कटते, हे कबूल. विस्कटेना का, प्रमाण तरी वाचता येते! यंदाच्या चकल्या अंदाजानेच झाल्या. जावईबापूंनी एक मोडून पाहिली; म्हणाले, "आजींच्या हातची चव नाही."