तलवारीचे पाणी उतरवू नका

खंडेनवमी आली की आपल्या पातूर-बाळापूर भागातील जुन्या वाड्यांतून माळ्यावरच्या, देवघरातल्या तलवारी बाहेर निघतात. चिंच, राख, लिंबू, नाहीतर सरळ पॉलिश पेपर घेऊन त्या घासल्या जातात, हळदकुंकू वाहिले जाते आणि तलवार लख्ख झाली म्हणून घर समाधान पावते. काही हौशी मंडळी तर ती पॉलिशच्या मशीनवर धरून आरशासारखी करून आणतात. श्रद्धेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु या घासाघाशीत तलवारीचे खरे पाणीच आपण उतरवून टाकतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘पाणीदार’ हे विशेषण आपण माणसाला लावतो, घोड्याला लावतो, मोत्याला लावतो. जुन्या हिंदी पोलादाच्या उत्तम पात्यावर मात्र हे पाणी डोळ्यांना दिसते. संथ डोहावर वाऱ्याने उठावेत तसे बारीक, वळणदार तरंग पात्यावर उमटलेले असतात. जाणकार त्यांना जौहर म्हणतात. ही नक्षी कोणी कोरलेली किंवा रंगवलेली नसते, ती पोलादाच्या अंगचीच असते. लोखंड आणि लाकूड-पाला मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत वितळवीत, मूस सावकाश निवू देत आणि निघालेली वडी बेताच्या आचेवर ठोकून पाते घडवीत. या पोलादात कर्बाचे प्रमाण शेकडा १ ते २ असे. ठोकताना त्यातील कर्बयुक्त कठीण कण ओळीने मांडले जात. शिकलगार पाते घोटून त्यावर हिराकसासारखे द्रव्य हलक्या हाताने लावी, तेव्हा काळपट अंगावर पांढऱ्या रेघा उजळून येत.

हे पोलाद कुठल्या दूरदेशचे, असे कोणी समजू नये. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे. त्यात सुभ्याच्या तेलंगण सरकारातील इंदूर, म्हणजे आजचे निजामाबाद, आणि निर्मळ येथे पोलादाच्या खाणी असल्याची नोंद आहे. त्याच मुलखातील कोनसमुद्रम या गावी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही मुशी तापत होत्या आणि इराणचे व्यापारी तेथून पोलाद नेत होते. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठविलेल्या अशाच हिंदी पोलादाच्या वड्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेनेही या पोलादाचे रहस्य शोधण्याचा प्रयत्न केला. १९९८ साली व्हेरहोवन आणि पेंड्रे यांनी दाखवून दिले की, लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश ही नक्षी जुळवून आणतो. ज्या कोड्यासाठी विद्वानांनी दोनशे वर्षे डोके खाजवले, ते आपण चिंच-राखेने पुसून टाकावे काय?

तलवारीवरचा दुसरा अन्याय शाब्दिक आहे. कोणतीही जुनी तलवार दिसली की आपण तिला ‘शिवकालीन’ ठरवून मोकळे होतो. पुराव्याची गरज कोणालाच वाटत नाही. वास्तविक पाते एका काळातले, मूठ दुसऱ्या काळातली आणि म्यान तिसऱ्याच काळातले, असे पुष्कळदा घडते. पाते आपल्याच मुलखातले असेल, असेही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून रघुजी भोसले यांची तलवार मिळविली. वऱ्हाडावर ज्यांचा अंमल होता, त्या नागपूरकर भोसल्यांची ही तलवार. तिचे पाते युरोपातले, म्हणजे फिरंग. ती रघुजींची हे कशावरून ठरले? पात्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी लिहिलेली आहे म्हणून. कल्पना करा, मधल्या काळात कोणा उत्साही माणसाने हे पाते मशीनवर धरले असते तर? तलवार चकाकली असती आणि अनामिक झाली असती.

बाजारात नकलाही आहेत. साध्या पात्यावर आम्लाने रेघा काढतात, किंवा दोन जातींचे पोलाद घड्या घालून जोडतात व ते जुने म्हणून विकतात. आम्लाने काढलेली वरवरची नक्षी हलक्या घोटाईने निघून जाते, अंगचा जौहर मात्र योग्य प्रक्रियेने पुन्हा उमटतो. पण ही परीक्षा जाणत्याने करायची, आपण घरी आम्लाची बाटली उघडायची नाही. मूठ हलत असेल तर वेल्डिंग करून घेण्याचा मोहही टाळावा. आपल्याकडे पात्याची शेपटी राळ-लाखेसारख्या मसाल्याने मुठीत बसवीत. वेल्डिंगच्या आचेने तो मसाला जळतो आणि पाते तापून लाल झाले तर जौहरही बिघडतो. अशा आचेने गेलेला जौहर मात्र घोटून परत येत नाही.

यावर कोणी म्हणेल, “ही आमच्या पूजेची वस्तू आहे, तुमच्या संग्रहालयातली नव्हे.” मान्य. मग कुंकू पाटावर वाहावे, फूल मुठीशी ठेवावे. ओले हळदकुंकू आणि लिंबाचा रस पात्यावर राहिला की गंज धरतोच. कोणी खर्चाची अडचण सांगेल. पण मऊ सुती फडके आणि पातळ मशीन ऑइलचा हलका हात, एवढ्याने पाते टिकते. ते कायम चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. जो गंज सहज निघत नाही, तो तज्ज्ञाची वाट पाहत तसाच राहिला तरी चालेल. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा उतावीळपणा येथे कामाचा नाही.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, ते अडगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. नरनाळा आणि बाळापूरचे किल्ले आपण सहलीत पाहतो, त्यांच्यासमोर फोटो काढतो. मात्र त्या काळातले शस्त्र शेजारच्या वाड्यात भंगाराच्या भावाने गेले तरी आपल्याला पत्ता नसतो. म्हणून माझी सूचना अशी : इतिहास विभागाने एक नोंदवही घालावी. विद्यार्थ्यांनी घरमालकाच्या संमतीने पात्याची लांबी, वाक, मुठीचा घाट, अक्षरे, ठसे आणि घरात चालत आलेली हकिकत लिहून घ्यावी, छायाचित्र काढावे. घरमालकाचे नाव-पत्ता मात्र वहीबाहेर जाऊ देऊ नये. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा काय सांगतो, हेही प्राध्यापकांनी समजावून द्यावे. शंभर वर्षांहून जुनी तलवार ही पुरावस्तू आहे, ती कोणालाही परस्पर परदेशी धाडता येत नाही.

या कामाला अनुदान लागत नाही, दोन वह्या आणि चार रविवार पुरेत. पुढच्या खंडेनवमीच्या आधी सुरुवात झाली, तर निदान काही पाती तरी चिंच-राखेच्या हातून सुटतील.