शौर्यपदक आणि आखूड ढाल

शूरवीरांवरचा लेख आपल्या मॅगझिनला नवा नाही. हाही तसाच एक, पण याच्या शेवटी एक डिझाइनचा प्रश्न आहे. (कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

जॅक कॉर्नवेल. जन्म 1900, लंडनला लागून असलेल्या लेटन गावात, कामगाराच्या घरी. 14व्या वर्षी शाळा सुटली आणि हा पोरगा चहाच्या गाडीवर डिलिव्हरी बॉय म्हणून लागला. 1915 मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, वडिलांना न विचारता नौदलात भरती झाला.

31 मे 1916, जटलंडची लढाई. जॅक 'चेस्टर' या क्रूझरवर साइट-सेटर होता. कानाला हेडफोन, अधिकारी सांगेल तशी डायल फिरवायची आणि तोफेचा कोन लावायचा. चार जर्मन क्रूझर्सनी चेस्टरला गाठलं. तोफेवरचे बाकीचे मेले किंवा जबर जखमी झाले. छातीत पोलादाचे तुकडे घुसलेला जॅक मात्र हुकमाची वाट बघत तोफेपाशी उभाच राहिला. 2 जूनला तो हॉस्पिटलात गेला, आई पोचायच्या आत. वय वर्षं 16.

आधी त्याला सार्वजनिक कबरीत पुरलं. मग पेपरात नाव झळकलं, तेव्हा शव पुन्हा बाहेर काढून जुलैमध्ये थाटात अंत्ययात्रा काढली. पुढे व्हिक्टोरिया क्रॉसही मिळाला. आई 1919 मध्ये वारली, गरिबीतच.

आता आपला विषय. चेस्टरच्या तोफांना पोलादी ढाली होत्या, पण त्या मागून उघड्या होत्या आणि खाली डेकपर्यंत पोचतच नव्हत्या. त्या फटीतून तुकडे आत आले आणि कित्येक खलाशांचे पाय गेले.

कोणी म्हणेल, जहाजावर वजन वाढवून चालत नाही, ट्रेड-ऑफ करावाच लागतो. शंभर टक्के मान्य. पण त्या ट्रेड-ऑफची किंमत कोण मोजतं? ड्रॉइंग बोर्डवर बसलेला नाही. मोजतो तो तोफेवरचा पोरगा. जॅकचं धैर्य खरंच होतं, त्याला सलाम. पण पदकाच्या झगमगाटात ढालीचा प्रश्न झाकला जातो, हे मला खटकतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मास्कशिवाय गटारात उतरणारा कामगार, ग्लोव्हजशिवाय खांबावर चढणारा वायरमन यांना आपण 'डेअरिंगबाज' म्हणतो आणि मोकळे होतो. जिथे रोजच्या कामाला डेअरिंग लागतं, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी आपलं काम अर्धवट सोडलेलं असतं. आणि तो 'कुणीतरी' पुष्कळदा इंजिनिअर असतो.

दोन-तीन वर्षांत आपल्याही सहीने ड्रॉइंग्ज पास होतील. सही करण्याआधी एकदा खाली वाकून बघा, ढाल डेकपर्यंत पोचते का?