काम म्हणजे व्यायाम नव्हे



"दिवसभर वावरात राबतो बाई, आमाले कायचा व्यायाम?" वाशिमच्या वस्त्यांमध्ये हे मी नेहमी ऐकते. सोयाबीन सोंगताना कंबर दिवसभर वाकलेली असते, हे मला ठाऊक आहे. पण ते श्रम आहेत. त्यात तेच सांधे रोज ताणले जातात. तोल आणि श्वास यांकडे कोणाचं लक्ष नसतं.

नर्स असताना खुब्याचं हाड मोडलेल्या कितीतरी आज्या पाहिल्या. बहुतेक घरातच पडलेल्या, रात्री मोरीकडे जाताना. एकीच्या ऑपरेशनसाठी बकऱ्या विकल्या. आजीजवळ बसायला कोणी हवं म्हणून नातीची शाळा सुटली.

ताई ची ही चीनमधली मूळची युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती सतराव्या शतकात वाढली. आता तिथली म्हातारी माणसं सकाळी बागेत ती करतात. अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं, की तिच्यामुळे म्हातारपणी पडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने घटतं. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सुधारणारा व्यायाम करायला सांगते.

हिच्यासोबतच्या चिगोंगमध्ये 'ची' नावाची ऊर्जा शरीरात वाहते, असं सांगतात. ते मानायची गरज नाही. तथागतांनी कालामांना स्वतः तपासून घ्या म्हणून सांगितलं. आपणही तेच करू. गुण दिसतो तो हळू हालचालीचा, वाकवलेल्या गुडघ्यांचा, पायावर तोललेल्या वजनाचा.

सुरुवात सोपी आहे. भिंतीजवळ उभ्या राहा. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे किंचित सैल. श्वास सोडत सगळं वजन हळूहळू उजव्या पायावर घ्या, डावी टाच उचला. श्वास घेत मध्ये या. मग डावीकडे. १० मिनिटं पुरेत. चक्कर आली तर थांबा, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका.

माझं म्हणणं एवढंच: वर्षावासात ग्रंथवाचनासाठी विहारात जमतोच, तर १५ मिनिटं आधी जमू. भन्तेजींच्या चंक्रमणाला जागा असते, तशी आज्यांच्या पावलांनाही असू द्या. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. विहाराचं दार मात्र उघडं लागतं.